मेडिकेअरच्या तारखा

३० जुलै १९६५ रोजी मिसुरीतल्या इंडिपेन्डन्स गावी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मेडिकेअरच्या, म्हणजे वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, कायद्यावर सही केली आणि पहिलं नाव माजी अध्यक्ष ट्रुमन यांचं नोंदवलं. त्या समारंभाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मला मात्र त्यानंतरचे महिने जास्त मोलाचे वाटतात. हॉस्पिटलचा विमा, म्हणजे पार्ट ए, पासष्टीपुढच्या बहुतेकांना मिळणारच होता. डॉक्टरांच्या बिलांसाठीचा पार्ट बी ऐच्छिक होता. हप्ता महिना ३ डॉलर, नाव नोंदवायची मुदत ३१ मार्च १९६६.

मग सरकार माणसं शोधायला बाहेर पडलं. ‘मेडिकेअर अलर्ट’ मोहिमेत वयस्कर मंडळींनाच कामावर घेतलं आणि ती दारोदार फिरून आपल्या वयाच्या लोकांना समजावू लागली. रानात एकट्यादुकट्या राहणाऱ्यांपर्यंत वनखात्याचे रेंजर गेले. तरीही लोक राहिलेच, तेव्हा अमेरिकी काँग्रेसने मुदत ३१ मेपर्यंत वाढवली. १ जुलैला योजना सुरू झाली ती सुमारे १ कोटी ९० लाख वृद्धांना घेऊन.

मुदत हुकलेल्यांशी मूळ कायदा फार कठोर होता. नोंदणी पुन्हा उघडणार ती एक वर्षाआड, ऑक्टोबर ते डिसेंबर. पहिली संधी गेल्यावर तीन वर्षं उलटली, की पार्ट बी कायमचा गेला. १९६७च्या दुरुस्तीने नोंदणी दरवर्षी जानेवारी ते मार्च अशी केली, १९७२ मध्ये तीन वर्षांची अट काढली. पण जानेवारीत नाव घातलं तरी विमा जुलैत सुरू, हा जाच २०२३ पर्यंत चालला. आता विमा पुढच्याच महिन्यापासून लागू होतो. उशिराचा दंड अजून आहे: प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्त्यावर १० टक्के, आणि तोही बहुतेकांना जन्मभर. औषधांचा आणि खासगी कंपन्यांचा प्लॅन बदलायची मुदत २०११ पासून १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर आहे. म्हणजे ऐन दिवाळीच्या आगेमागे.

मी न्यू जर्सीत आपल्या ज्येष्ठांना हे अर्ज भरायला मदत करते. मुलांकडे ग्रीन कार्डवर आलेल्यांना पाच वर्षांच्या सलग वास्तव्याची अट असते. फ्लोरिडातल्या क्यूबन निर्वासितांनी तिला आव्हान दिलं होतं, पण १९७६ मध्ये ‘मॅथ्यूज विरुद्ध डियाझ’ खटल्यात सुप्रीम कोर्टाने ती एकमताने कायम केली. परवा साताऱ्याच्या एक काकू प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळी कागदं घेऊन आल्या. पाच वर्षं भरत आली होती.

“अगं, त्यांचं पत्र येईल ना?”

“नाही येणार, काकू. तुम्हाला सोशल सिक्युरिटीचं पेन्शन नाही. अर्ज आपणच करायचा.”

हे मला साफ अन्यायाचं वाटतं. १९६६ मध्ये ज्या सरकारने रानात माणसं धाडली, त्याला आज प्रत्येक पात्र वृद्धाला वेळेवर एक पत्र पाठवणं जड जाऊ नये.

ते होईल तेव्हा होईल. तुमचे आईवडील इथे असतील तर आज त्यांचं ग्रीन कार्ड काढा आणि त्यावरची ‘रेसिडेंट सिन्स’ची तारीख पाहा. पासष्टी उलटली असेल, तर पाच वर्षं पूर्ण होतात त्या महिन्याच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. मधे भारतात लांबचा मुक्काम झाला असेल, तर त्याच्या तारखाही लिहून ठेवा.