फॅब लॅब
फॅब लॅब : संगणक-नियंत्रित यंत्रांच्या साहाय्याने सर्वसामान्य माणसास आपल्या गरजेच्या वस्तूचा अभिकल्प (आराखडा) स्वतःच तयार करून ती बनविता यावी, यासाठी चालविण्यात येणारी सामायिक कर्मशाळा. ‘फॅब्रिकेशन लॅबोरेटरी’ (निर्मिती प्रयोगशाळा) या संज्ञेचे हे संक्षिप्त रूप होय.

गावातील सुतार व लोहार गिऱ्हाइकाच्या मापाने वस्तू घडवीत. औद्योगिक क्रांतीनंतर वस्तू विपुल व स्वस्त झाल्या परंतु त्यांचे स्वरूप ठरविण्याचा अधिकार कारखान्याकडे गेला. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एम्‌.आय्‌.टी.) या संस्थेत १९५२ मध्ये छिद्रित फितीवरील अंकीय सूचनांनुसार चालणाऱ्या चक्री कर्तन यंत्राचे प्रात्यक्षिक दाखविण्यात आले. या संशोधनाचा खर्च अमेरिकन हवाई दलाने केला होता. यंत्राच्या हालचाली अंकांत मांडता आल्यामुळे एकच वस्तू वा प्रत्येक वेळी निराळी वस्तू बनविणे तत्त्वतः सुकर झाले तथापि अशी यंत्रे महाग असल्याने ती दीर्घकाळ मोठ्या कारखान्यांपुरतीच राहिली.

एम्‌.आय्‌.टी.मधील भौतिकीविज्ञ नील गर्शनफेल्ड यांनी १९९८ मध्ये ‘(जवळजवळ) काहीही कसे बनवावे’ या आशयाचा अभ्यासक्रम सुरू केला. मोजके संशोधक विद्यार्थी येतील अशी अपेक्षा असता सुमारे शंभर जण आले व त्यांतील अनेकांना तांत्रिक पार्श्वभूमी नव्हती. एका विद्यार्थिनीने गर्दीत कोंडलेली किंकाळी साठवून पुढे सोयीच्या जागी सोडणारी पिशवी बनविली. बाजारात जी वस्तू कधीच येणार नाही तीच माणसाला बनवावीशी वाटते, हे यातून दिसून आले. पुढे २००१ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या अनुदानाने तेथे ‘सेंटर फॉर बिट्स अँड ॲटम्स’ हे केंद्र स्थापन झाले व त्याच्या लोकाभिमुख कार्यातून फॅब लॅब उदयास आल्या.

अमेरिकेबाहेरील पहिली फॅब लॅब २००२ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथील विज्ञान आश्रमात सुरू झाली. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेत शाळा सोडलेल्या ग्रामीण मुलांना प्रत्यक्ष कामातून शिक्षण देण्यात येत होते. त्यामुळे नवी यंत्रे येथे जोडकाम, सुतारकाम व शेती यांच्या शेजारीच आली. दूधतपासणी व डीझेल एंजिनांची जुळणी यांसारख्या स्थानिक प्रश्नांकडे आरंभी लक्ष देण्यात आले. नॉर्वेतील लिंगेन येथे मेंढ्यांचा रेडिओद्वारे माग काढण्याच्या साधनावर काम झाले.

फॅब लॅबमध्ये सामान्यतः लेसर कर्तन यंत्र, मोठे लाकूड-कर्तन यंत्र, मंडलफलक कोरणारे सूक्ष्म कर्तन यंत्र, त्रिमितीय मुद्रक व इलेक्ट्रॉनीय जुळणीची साधने असतात. सर्वत्र यंत्रसंच जवळजवळ सारखाच असल्याने एका गावी तयार झालेला अभिकल्प दुसऱ्या देशात तसाच वापरता येतो.

त्रिमितीय मुद्रक स्वस्त होण्यास दोन घटना कारणीभूत झाल्या. ब्रिटनमधील बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी २००५ मध्ये स्वतःचेच अनेक भाग छापू शकणाऱ्या, खुल्या अभिकल्पाच्या ‘रेपरॅप’ यंत्राचा प्रकल्प हाती घेतला आणि २००९ मध्ये वितळलेल्या प्लॅस्टिकचे थर देण्याच्या पद्धतीवरील मूळ एकस्वाची (पेटंटची) मुदत संपली. त्यानंतर घरगुती वापराचे मुद्रक बाजारात आले.

आज शंभराहून अधिक देशांत फॅब लॅब आहेत. तथापि यंत्र उपलब्ध होणे म्हणजे निर्मिती सर्वांच्या आवाक्यात येणे नव्हे. कच्चा माल, सुटे भाग, अखंड वीज व जाणता मार्गदर्शक यांवाचून यंत्रे पडून राहतात, तसेच एकाच नगाकरिता सोयीची ही पद्धत हजारो नगांसाठी साच्याहून महाग पडते. म्हणून फॅब लॅब हा कारखान्याला पर्याय नसून, कारखाना ज्याची दखल घेत नाही अशा गरजेसाठी सामान्य माणसाच्या हाती आलेले साधन होय.