व्हिनियर व प्लायवुड

ओंडक्यापासून पात्याने कापून काढलेला, सामान्यतः अर्धा ते तीन मिलिमीटर जाडीचा, लाकडाचा सलग पापुद्रा म्हणजे व्हिनियर. आणि असे विषम संख्येचे पापुद्रे, लगतच्या दोहोंचे तंतू परस्परांशी काटकोनात राहतील अशा बेताने एकावर एक रचून, मध्ये चिकटद्रव्य घालून, दाबाखाली एकजीव केलेला तक्ता म्हणजे प्लायवुड होय. वखारीत गिऱ्हाईक चौकशी करते ती वरच्या पृष्ठाची आणि फार तर चिकटद्रव्याची. वास्तविक तक्त्याचा टिकाऊपणा पुष्कळसा ठरून जातो तो त्याच्या कितीतरी आधी, ओंडका पात्याला भिडतो त्या घटकेला, आणि म्हणून येथे कापणीला इतर तपशिलांहून अधिक जागा दिली आहे.

लाकूड ओलाव्याने फुगते व सुकताना आकसते, परंतु सर्व दिशांनी सारखे नव्हे. तंतूंच्या लांबीच्या दिशेने होणारा आकस शेकडा अर्ध्याहूनही कमी, म्हणजे व्यवहारात नगण्य असतो. वार्षिक वलयांच्या अनुरोधाने होणारा मात्र कित्येक जातींत शेकडा पाच ते दहापर्यंत जातो, आणि रुंद फळ्या चिरतात किंवा पन्हळीसारख्या वाकतात त्या याच विषमतेमुळे. प्लायवुडात एका थराला ज्या दिशेने हलावेसे वाटते त्याच दिशेला शेजारच्या थराचे न हलणारे तंतू आडवे पडलेले असल्याने प्रत्येक थर शेजाऱ्याचा जामीन होतो. थरांची संख्या विषम ठेवण्याचा दस्तूर मधल्या थराच्या दोन्ही अंगांस सारखा ताण राहावा म्हणून पडला आहे. तोल बिघडला की तक्ता बाक धरतो. प्राचीन मिसरात, सक्कारा येथील जोसर राजाच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडात सापडलेल्या शवपेटीच्या अवशेषांत मात्र लाकडाचे सहा थर लाकडी खुंट्यांनी जोडलेले आढळले. तेव्हा आडव्या-उभ्या थरांची कल्पना जितकी पुरातन, तितका सम-विषमाचा विवेक पुरातन नसावा.

व्हिनियर कापण्याच्या तीन रीती आहेत. करवतीने कापण्याची रीत सर्वांत जुनी. तीत पापुद्र्याच्या जाडीइतकेच लाकूड भुशात जाण्याचा संभव असल्याने ती आता क्वचितच अवलंबितात. दुसरी रीत तासण्याची. साग, अक्रोड, शिसवी यांसारख्या मूल्यवान लाकडाचा चौरस केलेला ठोकळा यंत्रात घट्ट बसवून त्यावरून रुंद पाते फिरवतात, आणि प्रत्येक फेरीस सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचा एकेक पत्रा सुटा होतो. ठोकळा वलयांना समांतर कापला तर सागावर डोंगरमाथ्यासारख्या कमानी उमटतात, वलयांना काटकोनात कापला तर सरळ उभ्या रेषा मिळतात; लागोपाठ निघालेले दोन पत्रे पुस्तकासारखे उघडून शेजारी-शेजारी लावले की एकाची नक्षी दुसऱ्यात प्रतिबिंबित झालेली दिसते, आणि म्हणून पत्र्यांचा निघाला तो अनुक्रम शेवटपर्यंत मोडू देत नाहीत. हे शोभेचे व्हिनियर होय. त्याने तक्त्याचे मोल वाढते, बळ नव्हे.

प्लायवुडाचा खरा भार वाहते ते तिसऱ्या रीतीने, म्हणजे ओंडका सोलून काढलेले व्हिनियर. साल काढलेला ओंडका आधी गरम पाण्याच्या हौदात किंवा वाफेत, जात व जाडी पाहून काही तासांपासून काही दिवसांपर्यंत ठेवतात, जेणेकरून तंतूंना बांधून ठेवणारे लिग्निन नरम पडून लाकूड लवचीक व्हावे. मग तो लेथवर चढवून स्वतःच्या अक्षाभोवती फिरवितात, आणि त्याच्या पूर्ण लांबीचे पाते प्रत्येक फेऱ्यास पापुद्र्याच्या जाडीएवढे पुढे सरकते. ४० सेंटिमीटर व्यासाचा निर्दोष ओंडका १० सेंटिमीटर गाभा उरेपर्यंत २ मिलिमीटर जाडीने सोलला तर हिशेबाने सुमारे ५९ मीटर लांबीची अखंड पट्टी निघते. प्रत्यक्षात ओंडका क्वचितच इतका वाटोळा असतो, आणि आरंभीचे काही फेरे तुकड्यांतच जातात.

पात्याच्या धारेच्या किंचित वर एक दाबपट्टी असते व तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. परंतु कारागिराची खरी कसोटी तिच्यावरच लागते. ओंडक्यावर वक्र असलेला पापुद्रा पात्यावरून सुटताना उलट्या दिशेने सपाट होतो, आणि त्या क्षणी त्याच्या पात्याकडील अंगावर तंतूंच्या अनुरोधाने बारीक भेगा पडतात. दाबपट्टी धारेच्या अगदी पुढे लाकूड किंचित दाबून धरते व या भेगांना खोल जाऊ देत नाही. दाब कमी पडला तर व्हिनियर खरबरीत व जाडीला असमान निघते, अधिक झाला तर लाकूड चेंगरते. म्हणून प्रत्येक पापुद्र्याला एक घट्ट व एक सैल बाजू असते, आणि तो तंतूंना आडवा वाकवून पाहिला असता ज्या अंगाने भेगा उघडतात ती सैल बाजू, हे जाणता कामगार बोटांनीच ओळखतो. दर्शनी व्हिनियरची घट्ट बाजू बाहेर ठेवतात. ती आत गेली तर पॉलिश केल्यावर काही महिन्यांनी पृष्ठावर केसासारख्या चिरा उमटतात आणि दोष विनाकारण पॉलिशवाल्याच्या माथी येतो.

पुढील क्रिया थोडक्यात सांगता येतील. पट्टी ठराविक मापाने कातरून, गाठी व भोके वगळून, शुष्ककात तिचा ओलावा शेकडा पाच ते दहाच्या दरम्यान आणतात. ओलावा अधिक राहिला तर तप्त दाबयंत्रात त्याची वाफ होऊन थर फुगतात. चिकटद्रव्य पूर्वी सरस, दुधातील केसीन किंवा रक्तातील अल्ब्युमिन यांचे असे. आता घरगुती फर्निचरासाठी युरिया-फॉर्माल्डिहाइड व पाण्याशी संबंध येणाऱ्या कामासाठी फिनॉल-फॉर्माल्डिहाइड राळ वापरतात. भारतीय मानकांपैकी ३०३ हे सर्वसाधारण आणि ७१० हे सागरी प्लायवुडाचे असून, दुसऱ्यात नमुना ७२ तास पाण्यात उकळूनही सांधा सुटता कामा नये अशी अट आहे. मात्र राळ कितीही उत्तम असली तरी आतील थरांच्या तुकड्यांमध्ये फट राहिली तर तिथे ती भरून काढण्यास असमर्थ ठरते. तक्ता कापल्यावर कडेला दिसणारी पोकळी आणि स्क्रू न धरणारी जागा ही रचनेतल्या कुचराईची खूण होय.

भारतात या धंद्याचा पाया चहाच्या पेट्यांनी घातला. त्या पेट्यांचे तक्ते प्रथम युरोपातून, विशेषतः बाल्टिक किनाऱ्यावरून येत. पुढे आसामातच, होलाँगसारख्या स्थानिक वृक्षांपासून ते होऊ लागले. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात दिलेल्या हुकुमाने ईशान्येकडील वनांतून लाकूड तोडण्यावर व तेथील व्हिनियर आणि प्लायवुड गिरण्यांवर कडक निर्बंध आले, आणि धंद्याचे केंद्र हरयाणातील यमुनानगर व केरळातील पेरुम्बावूर यांकडे झुकले. तेथे वनवृक्षांऐवजी शेताच्या बांधावरचा पोपलर, निलगिरी व चीक देऊन थकलेला रबराचा वृक्ष सोलला जातो. असा ओंडका मुळातच बारीक असल्याने त्याची टोके पकडीत न धरता तो रुळांमध्ये दाबून फिरविणारे लेथ प्रचारात आले, आणि पूर्वी जळणात जाणारा गाभाही बव्हंशी व्हिनियर होऊन निघू लागला.

दर्शनी पापुद्र्यासाठी ब्रह्मदेशातील गर्जन वृक्षाला फार मान असे. त्या देशाने एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. मध्य आफ्रिकेतील गाबोनने असाच निर्बंध २०१० मध्येच घातला होता, त्यामुळे तेथील ओकुमे वृक्ष तेथेच सोलून केवळ पापुद्रे जहाजाने भारतात आणण्याचा व्यवहार वाढला आहे.