सहा मतांचा निकाल आणि अमेरिकेतील फेरमोजणी

अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात ४३५ सदस्य असून त्या सर्व जागांसाठी दर दोन वर्षांनी निवडणूक होते. मात्र भारतातील निवडणूक आयोगाप्रमाणे देशभर मतदान घेणारी एकच यंत्रणा तेथे नाही. मतपत्रिका तयार करणे, मते मोजणे आणि निकाल प्रमाणित करणे ही कामे त्या त्या राज्याच्या कायद्यानुसार राज्य व स्थानिक अधिकारी पार पाडतात. साहजिकच फेरमोजणीचे नियमही राज्यागणिक बदलतात. मताधिक्य हजारोंचे असते तेव्हा हा फरक जाणवत नाही. ते बोटांवर मोजण्याइतके उरले की नियमातील एकेका शब्दावर जागेचे भवितव्य ठरते.

मोजणीचे टप्पे

मतदानाच्या रात्री जाहीर होणारे आकडे अनधिकृत असतात. त्यानंतरच्या दिवसांत टपाली मतांची छाननी होते. ज्यांचे नाव यादीत आढळत नाही, अशा मतदारांना तात्पुरती मतपत्रिका देण्याची तरतूद २००२ च्या संघीय कायद्याने केली. मतदाराची पात्रता सिद्ध झाली तरच ती मोजली जाते. सर्व केंद्रांच्या बेरजा ताडून पाहिल्यावर अधिकृत निकाल तयार होतो.

फेरमोजणी केव्हा करायची, याची उत्तरे वेगवेगळी आहेत. फ्लोरिडात फरक ०.५ टक्के किंवा त्याहून कमी असल्यास यंत्रांद्वारे पुन्हा मोजणी होते. तो ०.२५ टक्क्यांवर किंवा त्याखाली आला, तर यंत्राला ज्यांवर त्या जागेसाठी एकही मत दिसले नाही किंवा एकाहून अधिक मते दिसली, अशा मतपत्रिका हाताने तपासल्या जातात. कॅलिफोर्नियात काँग्रेसच्या निवडणुकीसाठी आपोआप फेरमोजणी नाही. मतदार ती मागू शकतो, पण खर्च मागणाऱ्याने सोसायचा. निकाल फिरला तरच पैसे परत मिळतात.

आयोवातील सहा मते

आयोवा राज्याच्या दुसऱ्या मतदारसंघात २०२० मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या मॅरिअनेट मिलर-मीक्स आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या रीटा हार्ट यांच्यात लढत झाली. दोन काउंट्यांतील नोंदींच्या चुका दुरुस्त होताना आघाडी दोनदा फिरली आणि अखेर मिलर-मीक्स ४७ मतांनी पुढे राहिल्या. हार्ट यांनी सर्व २४ काउंट्यांत फेरमोजणी मागितली. तत्कालीन नियमानुसार प्रत्येक काउंटीत तीन सदस्यांचे मंडळ नेमले गेले. दोन्ही उमेदवारांचा एकेक प्रतिनिधी आणि तिसरा सहमतीने निवडलेला. काही मंडळांनी यंत्रे वापरली, काहींनी हाताने मोजले, तर काहींनी दोन्ही पद्धतींची सांगड घातली. ३० नोव्हेंबरला प्रमाणित झालेला निकाल असा होता : मिलर-मीक्स १ लाख ९६ हजार ९६४, हार्ट १ लाख ९६ हजार ९५८.

हार्ट यांचा आक्षेप मोजणीबाहेर राहिलेल्या मतपत्रिकांबाबत होता. पाकीट नीट बंद नसणे, स्वाक्षरी चुकीच्या जागी असणे अशा कारणांनी २२ वैध मते वगळली गेली आणि ती धरल्यास आपण नऊ मतांनी विजयी ठरतो, असा त्यांचा दावा होता. एकदा मोजलेल्या मतपत्रिका पुन्हा मोजणे आणि नाकारलेली मतपत्रिका स्वीकारणे हे दोन निराळे प्रश्न आहेत.

अंतिम निर्णय सभागृहाचा

भारतात लोकसभेच्या निकालाविरुद्धची निवडणूक याचिका उच्च न्यायालयात दाखल होते. अमेरिकेत राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदातील पाचव्या कलमानुसार आपल्या सदस्यांच्या निवडणुकीचा निवाडा प्रत्येक सभागृह स्वतः करते. राज्य न्यायालयाच्या मार्गाला ८ डिसेंबरची मुदत असल्याने हार्ट यांनी १९६९ च्या कायद्याखाली थेट प्रतिनिधिगृहाकडे दाद मागितली. मिलर-मीक्स यांना जानेवारी २०२१ मध्ये तात्पुरती शपथ देण्यात आली. मात्र राज्याने प्रमाणित केलेला निकाल डेमोक्रॅटिक बहुमताचे सभागृह उलटवणार, या शक्यतेवरून वाद पेटला. ३१ मार्च २०२१ रोजी हार्ट यांनी अर्ज मागे घेतला.

या वादामागे इंडियानातील आठव्या मतदारसंघाची कटू आठवण होती. तेथे १९८४ मध्ये राज्याने रिपब्लिकन रिचर्ड मॅकिन्टायर यांना विजयी घोषित केले, पण डेमोक्रॅटिक बहुमताच्या सभागृहाने त्यांना आसन नाकारून स्वतः फेरमोजणी करवली. तीत डेमोक्रॅट फ्रँक मक्लॉस्की चार मतांनी पुढे आले. साक्षांकन नसलेल्या काही टपाली मतपत्रिका आधीच मोजल्या गेल्या होत्या. ३२ मात्र न उघडता राहिल्या. १ मे १९८५ रोजी २३६ विरुद्ध १९० मतांनी मक्लॉस्की यांना जागा मिळाली आणि रिपब्लिकन सदस्यांनी सभात्याग केला.

कागद नसेल तर?

फ्लोरिडाच्या तेराव्या मतदारसंघात २००६ मध्ये व्हर्न ब्युकॅनन ३६९ मतांनी विजयी झाले. सारासोटा काउंटीत सुमारे १८ हजार मतदारांचे या जागेसाठी मतच नोंदले गेले नव्हते. स्पर्शपटल यंत्रांना कागदी नोंद नसल्याने फेरमोजणीत तेच आकडे पुन्हा आले. संघीय तपासणीत यंत्रातील बिघाडाचा पुरावा मिळाला नाही आणि २००८ मध्ये सभागृहाने पराभूत उमेदवार ख्रिस्तीन जेनिंग्ज यांची तक्रार फेटाळली. दरम्यान, २००७ मध्येच फ्लोरिडाने कागदी मतपत्रिकांकडे परतण्याचा कायदा केला होता.

मतदाराच्या हातचा कागद जपलेला असणे आणि कोणती मतपत्रिका स्वीकारायची याचा निकष मतदानापूर्वीच स्पष्ट असणे, या दोन गोष्टींची पूर्तता झाली नाही, तर सहा मतांचा निकाल पराभूताला पटवून देणे कोणत्याही फेरमोजणीला अवघड जाते.