लिनक्स डिस्ट्रो : समुदायासाठी आखणी
(संदर्भ : बाळापूर, जि. अकोला)

लिनक्सचा कर्नल, त्यावर चालणारी सॉफ्टवेअर, ती बसवणारा इन्स्टॉलर आणि पुढे येत राहणारे अपडेट यांचा एकत्र बांधलेला संच म्हणजे डिस्ट्रो. एखादा समुदाय स्वतःचा डिस्ट्रो काढायला निघतो तेव्हा उत्साह नाव, चिन्ह आणि वॉलपेपर यांवरच बराचसा खर्ची पडतो. दोन वर्षांनी अपडेट कोण देणार, हे मात्र त्याआधी ठरायला हवे.

पाया : कोरी सुरुवात सहसा कोणी करत नाही. इयन मरडॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या डेबियनवर अनेक डिस्ट्रो उभे आहेत. उबुंटू त्यांतलाच, आणि सी-डॅकच्या चेन्नई केंद्राचा ‘बॉस’ही. महाराष्ट्रात कर्जत तालुक्यातल्या (जि. रायगड) खैराट येथील शाळेत २००७ मध्ये ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ उपक्रमाचे एक्सओ लॅपटॉप आले. फेडोरा या दुसऱ्या डिस्ट्रोवर बेतलेली प्रणाली आणि त्यावर मुलांसाठी ‘शुगर’ हा डेस्कटॉप, अशी त्यांची रचना होती. मेमरी २५६ एमबी, साठवण जेमतेम १ जीबी. एवढ्याशा जागेत काय बसवायचे यापेक्षा काय गाळायचे हाच खरा निर्णय असतो. लोकांच्या घरात, शाळेत आणि दुकानात कोणती यंत्रे आहेत याची यादी म्हणूनच आधी करावी. डेबियन १२ ही ३२-बिट संगणकांसाठी इन्स्टॉलर देणारी शेवटची आवृत्ती. २०२५ च्या डेबियन १३ मध्ये तो नाही. जुनी यंत्रे जास्त असतील, तर पायाची निवड इथेच अडते.

भाषा : मन आणि म्हैस या नद्यांच्या काठी वसलेल्या बाळापुरात मराठीबरोबर उर्दूही नांदते. तिथल्या लोकांसाठी आखायचे, तर दोन्ही लिप्या पहिल्या दिवसापासून नीट चालल्या पाहिजेत. मराठीची परीक्षा ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द टाइप करून घ्यावी : पहिल्यात गुरुजन, दुसऱ्यात स्वयंपाकी. इन्स्क्रिप्ट कळफलकावर साध्या ‘र’ला हलन्त व ‘य’ जोडला की ‘र्य’ उमटतो. ‘ऱ्य’ हवा असेल तर शिफ्ट दाबून येणारा ‘ऱ’ घ्यावा लागतो. नवख्या माणसाला हे सांगितल्याशिवाय सापडत नाही, म्हणून कळफलकाचा छापील तक्ता सोबत द्यावा. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे फॉन्टमध्ये असतील, तरी प्रणालीची भाषा हिंदी ठेवल्यास ती दिसत नाहीत. उर्दूचा नस्तालिक फॉन्ट वाचनाला सुंदर, पण त्याच्या तिरप्या, उंच ओळी मेनूच्या अरुंद पट्टीत कापल्या जातात. मेनूला सरळ ओळीची नस्ख शैली आणि मजकुराला नस्तालिक, ही विभागणी सोयीची.

छपाईच्या दुकानांची अडचण वेगळीच. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये वर्षानुवर्षे जुळवलेल्या लग्नपत्रिका व पावतीपुस्तके युनिकोड फॉन्टमध्ये उघडली की अक्षरांचा चिवडा होतो. फॉन्ट-परिवर्तक दिला नाही, तर हा दुकानदार नवी प्रणाली बसवणार नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही.

बांधणी : डेबियनच्या ‘लाइव्ह-बिल्ड’ साधनाला पॅकेजांची यादी व सेटिंग्ज दिल्या की पेन ड्राइव्हवरून चालणारी आयएसओ फाइल तयार होते. तिच्यासोबत एसएचए-२५६ चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली का हे पडताळणारा आकडा) आणि डिजिटल सही द्यावी. सहीची किल्ली एकट्याच्या लॅपटॉपवर असू नये. जीपीएल परवान्याखालच्या सॉफ्टवेअरचा स्रोत मागणाऱ्याला मिळाला पाहिजे. मूळ डिस्ट्रोचे नाव व चिन्ह वापरण्याचे नियम त्याहून वेगळे असतात, तेही वाचावेत.

देखभाल : डेबियनची नवी आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते, सुरक्षा-अपडेट तर सतत येत असतात. ते थेट डेबियनच्या सर्व्हरवरून घ्यावेत आणि समुदायाने फॉन्ट, कळफलक, शब्दकोश व सेटिंग्ज एवढाच थर आपल्याकडे ठेवावा. हा थर एका मेटापॅकेजमध्ये (इतर पॅकेजे एकत्र ओढून आणणाऱ्या पॅकेजमध्ये) बांधला, तर आधीच डेबियन असलेल्या संगणकावरही एका आज्ञेत बसतो. बऱ्याच समुदायांची गरज इथेच भागते आणि वेगळी आयएसओ काढावी लागत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत एका संगणकावर ‘ॲप्ट-कॅशर-एनजी’ चालवले, की तेच पॅकेज प्रत्येक यंत्रासाठी नव्याने इंटरनेटवरून उतरवावे लागत नाही.