परागकण-जीवाश्म व थर वाळवंटाचे पुराजलवायुमान

सरोवराच्या तळाशी वर्षानुवर्षे साचणाऱ्या गाळात भोवतालच्या वनस्पतींचे परागकण पुरले जातात. त्यांचे बाह्य कवच सहसा कुजत नाही; त्यामुळे गाळाच्या थराथरांतील परागकण ओळखून व मोजून त्या त्या काळच्या वनश्रीचा आणि तीवरून पर्जन्यमानाचा अंदाज बांधता येतो. स्वीडिश शास्त्रज्ञ लेनार्ट फोन पोस्ट यांनी १९१६ मध्ये ही पद्धत मांडली. भारतात तिचा विशेष गाजलेला उपयोग राजस्थानातील खाऱ्या सरोवरांच्या बाबतीत झाला.

गुरदीप सिंग यांनी सांभर, डीडवाना व लुणकरणसर येथील गाळाचे परीक्षण करून १९७१ व १९७४ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तळाशी वाळू, तिच्यावर सरोवरातील गाळ आणि त्यात पाणकणीस, दवण्याच्या प्रजातीतील वनस्पती इत्यादींचे परागकण असा क्रम त्यांना आढळला. इ. स. पू. ३००० च्या सुमारास पाऊस वाढला, हडप्पा संस्कृती बहरली व पुढे कोरडेपणा येताच ती लयास गेली, असे त्यांनी सुचविले. ही मांडणी आकर्षक असल्याने पाठ्यपुस्तकांतही शिरली. मात्र पाणकणीस पाण्याकाठी वाढते. त्याचे परागकण सरोवराच्या काठाविषयी जितके सांगतात, तितके दूरवरच्या पावसाविषयी सांगत नाहीत.

खरी अडचण कालगणनेची होती. किरणोत्सर्गी कार्बनावरून काढलेली वर्षे सौर वर्षांशी तंतोतंत जुळत नाहीत. पाच हजार वर्षांपूर्वीच्या काळात ही तफावत कित्येक शतकांची होते. येहूदा एन्झेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये लुणकरणसरच्या गाळाचे अधिक बारकाईने कालमापन केले. तेव्हा हे सरोवर सुमारे ४,८०० कार्बन-वर्षांपूर्वी, म्हणजे सुमारे ५,५०० सौर वर्षांपूर्वी, आटल्याचे दिसून आले. हडप्पा संस्कृतीचा नागरी काळ (सु. इ. स. पू. २६००–१९००) त्यानंतर कित्येक शतकांनी सुरू होतो. लुणकरणसरपुरते तरी, नगरे उभी राहिली ती सरोवर आटल्यानंतर.

तथापि जलवायुमानाचा प्रश्न एवढ्याने निकालात निघाला नाही. हरियाणातील कोटला दाहर या प्राचीन सरोवराच्या गाळात गोगलगायींची कवचे सापडतात. त्यांतील ऑक्सिजनाच्या समस्थानिकांच्या प्रमाणावरून सुमारे ४,१०० वर्षांपूर्वी मोसमी पाऊस एकाएकी क्षीण झाला, असा निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. हा काळ नगरांच्या ऱ्हासाच्या बराच निकट येतो. कोटला दाहर लुणकरणसरपेक्षा अधिक पावसाच्या पट्ट्यात असल्यामुळे दोन्ही सरोवरांचा इतिहास एकच असेल, अशी अपेक्षा धरता येत नाही.