शेड कार्डवर सारखेच, भिंतीवर वेगळे! तपकिरी रंगाच्या छटा कशा ओळखाल?

शेड कार्डवर दोन तपकिरी रंग अगदी सारखे दिसतात. भिंतीवर मात्र त्यातला एक गुलाबीसर, तर दुसरा हिरवट वाटतो. असं का होतं?

तपकिरी म्हणजे नेमकं काय?

इंद्रधनुष्यात तपकिरी रंग नसतो. गडद, मंद झालेल्या नारिंगीलाच आपला डोळा तपकिरी म्हणतो. हा नारिंगी थोडा लालकडे, पिवळ्याकडे किंवा करड्याकडे झुकला की छटा बदलते. छोट्या कार्डवर हा फरक लपतो, मोठ्या भिंतीवर उठून दिसतो.

जवळच्या छटांमधला फरक

• बेज : फिकट, बहुतेकदा पिवळसर झाक
• खाकी : पिवळसर-हिरवट झाक
• चॉकलेटी : गडद, बऱ्याचदा लालसर
• विटकरी : लाल-नारिंगीकडे झुकलेला

झाक ओळखायची सोपी युक्ती म्हणजे शेडखाली पांढरा कोरा कागद ठेवणं. दोन्ही शेड शेजारी धरल्या की फरक लगेच कळतो.

एलआरव्ही बघा

रंग किती प्रकाश परत फेकतो, हे एलआरव्ही हा आकडा सांगतो. 0 म्हणजे काळा, 100 म्हणजे पांढरा. दोन शेडमध्ये निवड अडली आणि खोलीत उजेड कमी असेल, तर जास्त एलआरव्हीची शेड घ्यावी. कमी आकड्याचा तपकिरी उजेड शोषून घेतो आणि खोली कोंदट वाटते.

दिवे रंग बदलतात

2700 केल्विनच्या पिवळसर बल्बखाली तपकिरी अधिक उबदार दिसतो. 6500 केल्विनच्या पांढऱ्या प्रकाशात तोच रंग करडा, थंड वाटू शकतो. पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळच्या उन्हात तो आणखी नारिंगी होतो. म्हणून दुकानातल्या ट्यूबखाली रंग ठरवू नये.

डबा घेण्याआधी

1. छोटा नमुना डबा आणून भिंतीवर साधारण 2 बाय 2 फुटांचा पट्टा रंगवा.
2. दोन हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. इमल्शन वाळल्यावर सहसा थोडं गडद दिसतं.
3. सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून बघा.
4. फरशी, सोफा आणि पडद्याशेजारी तो जुळतो का, तेही तपासा.
5. शेडचा कोड लिहून ठेवा.

मशीनवर मिसळून दिलेला रंग दुकानदार सहसा परत घेत नाही. त्यामुळे दोन दिवसांची ही तपासणी पूर्ण खोली पुन्हा रंगवण्याचा खर्च वाचवू शकते.