पोलाद उद्योग, भारतीय : वाढीच्या शक्यता

कच्च्या पोलादाच्या उत्पादनात भारत चीनखालोखाल दुसऱ्या क्रमांकावर आहे. २०१८ मध्ये त्याने जपानला मागे टाकले. २०२४ मध्ये देशात सुमारे १५ कोटी टन पोलाद निघाले. तरीही दरडोई वापर वर्षाला जेमतेम १०० किलोग्रॅम, म्हणजे जागतिक सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. घरे, पूल, लोहमार्ग, पाण्याच्या वाहिन्या असे बरेच काही अजून बांधायचे असल्याने मागणीची चिंता या उद्योगाला नाही. २०१७ च्या राष्ट्रीय पोलाद धोरणाने २०३०-३१ पर्यंत ३० कोटी टन क्षमतेचे उद्दिष्ट ठेवले आहे.

साक्ची (आताचे जमशेदपूर) येथील टाटांच्या कारखान्यात १९१२ मध्ये पोलाद तयार होऊ लागले. स्वातंत्र्यानंतर भिलाई, राउरकेला व दुर्गापूर हे सरकारी कारखाने अनुक्रमे सोव्हिएत, जर्मन व ब्रिटिश साहाय्याने उभे राहिले. १९९१ नंतर परवान्याची अट गेली आणि खाजगी भांडवल वेगाने आले.

ओडिशा, झारखंड, छत्तीसगड व कर्नाटक येथे लोहखनिज मुबलक आहे. खरी अडचण कोळशाची. झोतभट्टीत कोळशापासून बनवलेला कोक केवळ जळत नाही. वरच्या खनिजाचा भार पेलून त्याला वायूंसाठी वाट मोकळी ठेवावी लागते. त्यासाठी कमी राखेचा, तापवल्यावर घट्ट गोळा होणारा कोळसा लागतो. झारखंडमधील झरियाच्या कोळशात राख फार. त्यामुळे कोकिंग कोळसा बहुतांशी आयात होतो आणि त्यात ऑस्ट्रेलियाचा वाटा मोठा आहे. तिथे पूर आला की इथल्या पोलादाचा उत्पादनखर्च वाढतो.

या अडचणीतून भारताने स्वतःची एक वाट काढली. साध्या कोळशावर बनणाऱ्या स्पंज आयर्नच्या (खनिज न वितळवता मिळणाऱ्या सच्छिद्र लोहाच्या) उत्पादनात तो जगात पहिला आहे. जालन्यातील कारखान्यांत भंगार व स्पंज आयर्न विजेच्या इंडक्शन भट्टीत वितळवतात, त्याचे बिलेट (चौकोनी ठोकळे) ओततात आणि लाटलेली लालबुंद सळई पाण्याच्या फवाऱ्यातून नेतात. बाहेरचा थर कडक होतो, गाभा लवचीक राहतो. लहान उद्योजकांच्या या शाखेला धोरणात मिळते त्याहून अधिक महत्त्व मिळायला हवे.

वाढीचा प्रश्न खाणींशीही जोडलेला आहे. गडचिरोलीत सूरजागड खाणीच्या खनिजावर कोनसरी येथे प्रकल्प उभा राहत आहे. खाणीला स्थानिक आदिवासींचा विरोध झालेला आहे. त्यांच्या संमतीवाचून होणारी वाढ न्याय्य म्हणता येणार नाही.

कोळशावरील भिस्तीमुळे पोलादाच्या टनामागे सुमारे अडीच टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, जागतिक सरासरीहून बराच जास्त. जानेवारी २०२६ पासून युरोपीय संघाने आयात पोलादावर कार्बन आकार लागू केला आहे. हायड्रोजनवर लोह बनवण्याचे तंत्र अजून महाग असले, तरी भंगाराचे संकलन वाढवायला त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. नवी झोतभट्टी उभारतानाही पुढचा विचार हवा: ती अनेक दशके चालते, आणि निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी भारताने २०७० हे वर्ष जाहीर केले आहे.